द्राक्षं टिकतात कुठे?

फेब्रुवारी-मार्च आला की इथे ब्रिटनच्या दुकानांत नाशिकची द्राक्षं दिसू लागतात. त्या घडामागे बागायतदाराचं अख्खं वर्ष असतं: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. तोडणीनंतरच्या काही तासांत ते सगळं मातीमोल होऊ शकतं.

तोडलेलं द्राक्ष पुढे पिकत नाही. सुकतं किंवा सडतं. म्हणून तोडणी सकाळच्या गारव्यात होते. लगेच पॅकहाउस, प्रीकूलिंग, मग शून्य-एक अंशाची शीतखोली. पेटीतला सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड बुरशी रोखतो. पण वाटेत गारवा तुटला की मण्यांवर दव धरतं, देठ सुकून तपकिरी पडतो.

मी आयटीवाला. कंटेनरमधलं तापमान नोंदणारं यंत्र कुठे बिघडलं ते सांगतं. गेलेला ताजेपणा परत आणत नाही. म्हणून पैसा आधी बागेजवळच्या सावलीवर आणि प्रीकूलिंगवर लागावा, स्क्रीनवरच्या आलेखांवर नंतर.

या साखळीची शेवटची कडी आपल्याच घरात आहे. द्राक्षं आणली की न धुता फ्रिजमध्ये ठेवा, खाताना धुवा. बागायतदाराचं वर्ष कचऱ्याच्या डब्यात जाऊ देऊ नका. भेटूया पुढच्या भागात!