बालाघाटावर सायकल

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून सौताड्याला सायकलने निघालात, तर जामखेडचा मोठा रस्ता जमेल तिथे टाळा. वाड्यावस्त्यांच्या आतल्या वाटांवर गाड्या तुरळक. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत झेपावते; पायऱ्या उतरलं की तळाशी रामेश्वराचं देऊळ. जायचं ते पावसाळा सरता सरता, उन्हाळ्यात धबधबा आटतो. नायगावच्या मयूर अभयारण्याकडे भल्या सकाळी निघावं आणि घंटी अजिबात वाजवू नये, मोर बुजतात. वाटेत सीताफळाची झाडं दिसतील. बीडच्या याच फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात, कितीतरी घरांना कुलपं लागतात, वाटेत पाणी मागायला कुणी भेटेलच असं नाही. तेव्हा पाणी पुरेसं घ्या आणि पंक्चरचं सामानही. बाभळीचा काटा कुणाची गय करत नाही.