मॅरेथॉनचा हिवाळा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून हिवाळ्याची गोष्ट सांगावयास उभे राहणे थोडे विपरीत दिसेल. परंतु माझा विषयच असा आहे की, त्याचे पीक वसंतात दिसते आणि मशागत पौष-माघाच्या थंडीत झालेली असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तेथे एप्रिलमधला तिसरा सोमवार 'देशभक्तांचा दिवस' म्हणून पाळतात, आणि त्या दिवशी बोस्टनची मॅरेथॉन शर्यत होते. ही शर्यत १८९७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी पंधरा जण धावले आणि दहा जण शेवटापर्यंत पोहोचले. आज त्याच रस्त्यावर हजारो माणसे धावतात, आणि दुतर्फा लाखो माणसे त्यांना पाहावयास उभी राहतात. ही गर्दी जे पाहते ते दोन-चार तासांचे असते. त्यामागचे चार महिने कोणी पाहिलेले नसतात. त्या न पाहिलेल्या चार महिन्यांविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. एक किलोमीटर धावण्यास माणसाला आपल्या वजनाच्या जितक्या किलो तितक्या कॅलरी लागतात, असे ढोबळ मान आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सारी शर्यत पुरी करण्यास अडीच हजार कॅलरी हव्यात. आता आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो सुमारे दोन हजार कॅलरींचा. जमा दोन हजार आणि खर्च अडीच हजार! तूट कोठे येणार हे सांगावयास ज्योतिषी नको. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय शिशाचे होतात, डोके सुन्न होते, आणि आतापर्यंत हसत धावणारा माणूस मटकन खाली बसतो. बोस्टनच्या रस्त्याची गंमत अशी की, नेमक्या याच टप्प्यावर न्यूटन गावच्या चढणी लागतात. त्यांतल्या शेवटच्या चढणीला लोक 'काळीज फोडणारी टेकडी' म्हणतात.

ही तूट भरून काढण्याचा एक उपाय असा. शरीराला चरबी जाळण्याची सवय लावावयाची, साखर पुरवून वापरावयास शिकवावयाचे आणि साठाही हळूहळू वाढवावयाचा. हे आठ दिवसांत होत नाही. छाती आणि हृदय यांची ताकद काही आठवड्यांत वाढते. हाडे आणि स्नायूबंध यांना मात्र महिने लागतात. नवशिक्याची फसगत येथेच होते. दम टिकू लागला की त्याला वाटते आपण तयार झालो. नडगीचे हाड तयार झालेले नसते, आणि मग त्या हाडाला बारीक चीर पडते. म्हणून जाणते लोक सोळा ते अठरा आठवड्यांचा क्रम सांगतात. आठवड्यातून एक लांब पल्ला, तो दहा-बारा किलोमीटरपासून चढवीत तीस-बत्तिसापर्यंत न्यावयाचा, दर तीन-चार आठवड्यांनी थोडी माघार घ्यावयाची, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे मुद्दाम कमी धावावयाचे. एप्रिलच्या मध्यापासून अठरा आठवडे मागे मोजा. आपण डिसेंबरच्या मध्यावर येऊन पोहोचता.

आणि डिसेंबरमध्ये बोस्टनला काय असते? दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. नोकरीवरचा माणूस घराबाहेर पडतो तेव्हा अंधार आणि घरी परततो तेव्हाही अंधार. पारा दिवसेंदिवस शून्याखाली. रस्त्यावर बर्फ, आणि त्याहून वाईट म्हणजे वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचा काचेसारखा थर. २०१५ च्या हिवाळ्यात त्या शहरावर ११० इंचांहून अधिक हिमवर्षाव झाला. माणसाच्या उंचीहूनही तो अधिक होतो. त्या वर्षी जानेवारीच्या वादळात एक गृहस्थ फावडे घेऊन गेला आणि बॉयलस्टन रस्त्यावरची शर्यतीची अंतिम रेषा तेवढी त्याने मोकळी केली. रहदारी बंद, शर्यतीला अद्याप तीन महिने! पण दोनच वर्षांपूर्वी, २०१३ च्या शर्यतीत, त्याच रेषेजवळ झालेल्या बाँबस्फोटांत तीन माणसे मारली गेली होती. ती रेषा बर्फाखाली दडलेली त्याला पाहवली नसावी.

अशा थंडीत धावण्याचेही एक शास्त्र आहे. घराबाहेर पाऊल टाकताना किंचित थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटले तर कपडे जास्त झाले असे समजावे, कारण दहा मिनिटांत घाम येतो आणि ओला कपडाच पुढे घात करतो. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारे वस्त्र, त्यावर ऊब देणारे, आणि सर्वांवर वारा अडविणारे, अशी तीन पदरांची रचना. सुती गंजीफ्रॉक तेथे कामाचा नाही, तो ओला होतो आणि ओलाच राहतो. जाताना वाऱ्याला तोंड द्यावे आणि येताना वारा पाठीवर घ्यावा. उलटे केले तर भिजलेल्या अंगावर समोरून वारा झोंबतो. निसरड्या जागी पाऊल आखूड टाकावे. आणि वेग इतकाच ठेवावा की, सोबत्याशी बोलता यावे. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या गुरूने हाच मंद पण लांब धावण्याचा पाया आपल्या शिष्यांकडून घालून घेतला, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याचे शिष्य ८०० मीटरपासून मॅरेथॉनपर्यंतची पदके घेऊन परतले.

हे झाले शास्त्र. आता मी आपल्याला एका मुलीचा हिवाळा सांगतो.

१९६६ सालची गोष्ट. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज नावाचे शहर आहे. ऑन्टॅरिओ सरोवरावरून येणारे वारे तेथे वर्षाला शंभर इंचांहून अधिक बर्फ आणून टाकतात. तेथल्या विद्यापीठात कॅथरीन स्विट्झर नावाची एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी पत्रकारिता शिकत होती. तिला धावण्याची हौस, परंतु विद्यापीठात मुलींचा धावण्याचा संघच नव्हता. म्हणून ती मुलांच्या संघाबरोबर सराव करू लागली. त्या संघाला मदत करणारे आर्नी ब्रिग्ज म्हणून पन्नाशीचे पोस्टमन होते. बोस्टनची शर्यत पंधरा वेळा धावलेला हा माणूस. त्यांनी या मुलीला सोबत दिली. रोज संध्याकाळी अंधारात, बर्फातून, दोघे सहा-सहा, दहा-दहा मैल धावत, आणि ब्रिग्ज बोस्टनच्या जुन्या शर्यतींच्या कथा सांगत.

डिसेंबरातल्या एका हिमवादळाच्या रात्री त्या कथा ऐकून कंटाळलेली कॅथरीन म्हणाली की, गोष्टी पुरे झाल्या, आता आपण ती शर्यत धावूच. ब्रिग्ज म्हणाले, बाईमाणसाला ते अंतर झेपणार नाही. रोज दहा मैल आपल्या बरोबरीने धावणाऱ्या मुलीला ते हे सांगत होते! आपण हसू, परंतु त्या काळाची समजूतच तशी होती. १९६७ मध्ये ऑलिंपिकमधली स्त्रियांची सर्वांत लांब शर्यत होती ८०० मीटरची, आणि तीही १९२८ नंतर बंद करून १९६० साली पुन्हा आणलेली. बॉबी गिब नावाच्या स्त्रीने १९६६ साली बोस्टनला क्रमांकाविना धावून सारे अंतर पुरे केले होते. ते ब्रिग्ज यांना खरे वाटेना. शेवटी ते एका अटीवर आले. सरावात पुरे अंतर धावून दाखव, मग मीच तुला बोस्टनला घेऊन जाईन.

या अटीत मला फार मोठी गोष्ट दिसते. ब्रिग्ज यांची समजूत चुकीची होती, पण त्यांची वृत्ती खोटी नव्हती. त्यांनी पुरावा मागितला, आणि पुरावा मिळाल्यावर तो मान्य करण्याची तयारी ठेवली. मग त्या दोघांनी सारा हिवाळा हा पुरावा तयार करण्यात घालविला. शर्यतीला तीन आठवडे उरले असता त्यांनी सव्वीस मैल पुरे केले. कॅथरीनला शंका आली की, मोजण्यात अंतर कमी पडले असेल. म्हणून तिने आणखी पाच मैल धावण्याचा आग्रह धरला. एकतीस मैल झाले तेव्हा ती ठणठणीत होती आणि ब्रिग्ज यांची शुद्ध हरपली! दुसऱ्या दिवशी तेच तिच्या वसतिगृहावर आले आणि नाव रीतसर नोंदविले पाहिजे असे म्हणू लागले. नोंदणीच्या कागदावर तिने आपल्या नेहमीच्या पद्धतीने केवळ आद्याक्षरे लिहून सही केली. क्रमांक मिळाला २६१.

१९ एप्रिल १९६७ या दिवशी वसंताने दगा दिला. हॉपकिंटन गावी, जेथून शर्यत सुटते, तेथे बर्फमिश्रित पाऊस पडत होता. इतरांना ते संकट वाटले असेल. सिरॅक्यूजच्या मुलीला तो घरचाच दिवस होता. शर्यत सुटली, आणि सुरुवातीच्या काही मैलांतच शर्यतीचे एक चालक जॉक सेंपल वार्ताहरांच्या गाडीतून उतरून तिच्या अंगावर धावून आले, आणि तिचा क्रमांक फाडून काढू लागले. तिच्या मित्राने त्यांना धक्का देऊन बाजूस सारले. ती छायाचित्रे दुसऱ्या दिवशी जगभर गेली.

श्रोतेहो, तो धक्क्याचा क्षण सर्वांना ठाऊक आहे. मला विचारावयाचे आहे ते त्यानंतरच्या वीस-बावीस मैलांविषयी. अंग ओले, मन घाबरलेले, अपमान झालेला. त्या स्थितीत रस्त्याच्या कडेला बसून राहिली असती तर तिला कोणी दोष दिला असता? परंतु मग सारे म्हणाले असते, पाहा, बायकांना हे झेपत नाही. ती सुमारे चार तास वीस मिनिटांनी शेवटास पोहोचली. हे बळ केवळ संतापातून आले, असे मला वाटत नाही. संतापावर माणूस एखादा मैल धावेल. पुढच्या मैलांना दुसरे काही तरी लागते. आपण हे अंतर पुरे करू शकतो की नाही, हा प्रश्नच तिच्यापुढे उरला नव्हता, कारण त्याचे उत्तर तीन आठवड्यांपूर्वी, कोणी पाहत नसताना, तिला मिळालेले होते. पुढे १९७२ साली बोस्टनला स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला. त्या वर्षी आठ जणी धावल्या आणि आठही जणींनी शर्यत पुरी केली. १९८४ साली ऑलिंपिकमध्येही स्त्रियांची मॅरेथॉन आली. आणि २०१७ साली, सत्तर वर्षांच्या वयात, स्विट्झरबाई तोच २६१ क्रमांक लावून बोस्टनला पुन्हा धावल्या.

आता कोणी म्हणेल, हिवाळ्यात कष्ट केले की झाले! तसे नाही. हिवाळा काय देतो आणि काय देत नाही, हे दोन्ही पाहावयास हवे. २०१८ च्या १ जानेवारीस बोस्टनजवळच्या मार्शफील्ड गावी उणे सतरा अंशांच्या थंडीत एक मॅरेथॉन झाली. ती पुरी करणारा एकच वीर निघाला, जपानचा युकी कावाउची. हे गृहस्थ तेव्हा शाळेच्या कचेरीत पूर्ण वेळ सरकारी नोकरी करीत. त्याच एप्रिलमध्ये बोस्टनला कडाक्याची थंडी, मुसळधार पाऊस आणि समोरून वारा आला. भलेभले धावपटू मध्येच थांबले, आणि कावाउची पहिले आले. याउलट २०१२ चा एप्रिल पाहा. पारा तीस अंशांच्या आसपास गेला. आदल्या वर्षी विजेत्याला दोन तास तीन मिनिटे लागली होती, त्या वर्षीच्या विजेत्याला दोन तास बारा मिनिटांहून अधिक लागली. थंडीत घडलेल्या शरीराला उन्हाची ओळख होण्यास दहा-चौदा दिवस लागतात, आणि निसर्ग ती मुदत देईलच असे नाही. अशा दिवशी शहाणपण वेग कमी करण्यात असते.

पाण्याचेही तसेच. घाम येतो म्हणून वाटेल तितके पाणी ढोसणे हे धोक्याचे आहे. २००२ साली बोस्टनला ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा तेरा जणांच्या रक्तात क्षार प्रमाणाहून खाली उतरलेला आढळला, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचे वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढले होते. त्याच शर्यतीत एका तरुणीचा या विकाराने अंत झाला. तहान लागेल तेवढे प्यावे, एवढा साधा नियमही आधी सरावात पाळून अंगवळणी पाडावा लागतो. जिद्दीला अशी विवेकाची जोड नसेल तर ती माणसाला अंतिम रेषेऐवजी रुग्णालयात पोहोचवते.

आपल्याकडे बर्फ नाही. परंतु आपल्या मातीचा या शर्यतीशी संबंध जुना आहे. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. त्या वर्षी अंतरही नेहमीहून अधिक, पावणेत्रेचाळीस किलोमीटरचे होते. आज पुण्याला १९८३ पासून आणि मुंबईला २००४ पासून मॅरेथॉन भरू लागल्या आहेत. मुंबईची शर्यत जानेवारीत. मागे मोजत गेलात तर तिच्या तयारीचा आरंभ पावसाळ्याच्या अखेरीस येतो. बोस्टनकरांना जो पौष, तोच आपल्याला भाद्रपद. चिखल, खड्डे, भिजलेले बूट, दमट हवा, आणि खिडकीतून पाहून 'आज राहू द्या' म्हणणारे घरचे लोक.

या सभेतले बहुतेक जण मॅरेथॉन धावणार नाहीत, हे मी जाणतो. परंतु संगीताचा रियाज करणारा, परीक्षेला बसणारा, एखादी संस्था वर्षानुवर्षे चालविणारा, असा प्रत्येक माणूस या हिवाळ्यातून जातो. टाळ्या वसंतात मिळतात. त्या मिळोत वा न मिळोत, अंगी मुरलेली तयारी मात्र आपल्याजवळच राहते. कोणी येऊन छातीवरचा क्रमांक ओढू लागला तरी तिला हात लावता येत नाही. आपल्या घरात कोणी मुलगी वा मुलगा अशी काही खटपट करू लागला आणि आपल्याला ती अशक्य वाटली, तर ब्रिग्ज यांच्यासारखी शंका आपण खुशाल बोलून दाखवावी. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याचसारखे बूट चढवून त्याच्या सोबतीला बाहेर पडावे, एवढीच माझी विनंती आहे.