कालव्याच्या पाण्यातून आलेला कर्करोग

मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय आला की डॉक्टर आधी विडी-सिगारेटची चौकशी करतात. ते योग्यच आहे, कारण नेहमी आढळणाऱ्या प्रकाराचं मोठं कारण तंबाखूच आहे. पण आज बोलायचंय एका विरळ प्रकाराबद्दल, चपट्या पेशींच्या कर्करोगाबद्दल. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो. इजिप्तमध्ये मात्र विसाव्या शतकात बराच काळ मूत्राशयाचा कर्करोग म्हणजे बहुधा हाच.

तिथं तो आला पाण्यातून. १८५१ साली कैरोत थिओडोर बिल्हार्त्स या जर्मन डॉक्टरला शवविच्छेदन करताना रक्तवाहिनीत एक कृमी सापडला. त्याची पिल्लं कालव्यातल्या गोगलगायींत वाढतात, पाण्यात सुटतात आणि माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पाणी प्यायलाच हवं असं नाही, पाटात उभं राहून दारं धरली तरी पुरे! मग नर-मादीची जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. मादीच्या अंड्याच्या एका टोकाला काटा असतो. काही अंडी मूत्राशयाची भिंत भेदून लघवीवाटे बाहेर पडतात आणि लघवी लाल होते. उरलेली भिंतीतच रुतून बसतात. तिथला दाह शमतच नाही, आतलं नाजूक अस्तर हळूहळू कातडीसारखं होतं आणि पुढं त्यातच कर्करोग उद्भवू शकतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या कृमीला निश्चित कर्ककारक ठरवलं.

नाईलकाठच्या काही गावांत मुलाची लघवी लाल झाली की पोरगा वयात आला, असं समजत. आपणही काही कमी नाही. उन्हाळी लागली म्हणायचं आणि धण्याचं पाणी पीत बसायचं. दुखत नसलं, एकदाच दिसलं, तरी लघवीतलं रक्त डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आणि हा कृमी फक्त परदेशातला, असंही नाही. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या याच कृमीच्या रोगाची नोंद केली होती.

कृमी नसला तरी दाह पुरतो. कण्याला इजा झाल्यामुळे ज्यांना वर्षानुवर्षं लघवीची नळी ठेवावी लागते किंवा ज्यांच्या मूत्राशयात जुना खडा आहे, त्यांनाही या प्रकाराचा धोका असतो. त्यांच्या घरच्यांनी अधूनमधून तपासणीचा आग्रह धरावा.

इजिप्तमध्ये प्राझिक्वांटेल या कृमिनाशक औषधाच्या गोळ्या गावोगाव वाटल्या गेल्या, कृमी हटत गेला आणि चपट्या पेशींचा कर्करोग कमी झाला. आता तिथल्या रुग्णालयांतही जास्त रुग्ण दिसतात ते त्या दुसऱ्या, सिगारेटशी नातं असलेल्या प्रकाराचे.