केमोथेरपी सुरू होण्याआधी

डॉक्टरांनी केमोथेरपी सांगितली, की घरातले सगळेच गांगरतात. पण पहिलं सलाईन लागण्याआधी बरंच काही आपल्या हाती असतं.

हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल, तर आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बायप्सीचा रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. रेल्वे सवलतीचा दाखलाही मागून घ्या. उपचारासाठी जाताना स्लीपर डब्यात रुग्णाला मोफत प्रवास आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते.

किडलेले दात आधीच दाखवून घ्या, कारण नंतर तोंड येतं आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. पुढे मूल हवं असेल, तर तेही डॉक्टरांशी आधीच बोला. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि झाडपाल्याची औषधं, काहीही लपवू नका. आपला जिल्हा हळदीचा. भाजीतली हळद चालते, पण हळदीच्या कॅप्सूल किंवा काढे विचारल्याशिवाय घेऊ नका.

घरात थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त भरला, तर सकाळची वाट पाहू नका. मनाने गोळी न घेता लगेच डॉक्टरांना फोन करा आणि जवळचं रुग्णालय गाठा. "केमो चालू आहे," हे तिथे पहिल्यांदा सांगा.