बांधावरचा दगड



संमेलनाच्या अध्यक्षाने आधी भाषेच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी मात्र शेतातल्या एका दगडावर बोलणार आहे.

आमच्या भालकी भागात येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं घर शेतावर जातं. कडब्याची कोप, आत पांडव, पुढे भज्जी, उंडे आणि अंबिलाचा माठ. पूजा झाली की आज्जी अंबिलाची एक वाटी घेऊन एकटीच पूर्वेच्या बांधाकडे चालू लागे. तिथे लिंबाखाली चुना फासलेला दगड होता. कुणाचा, विचारलं तर म्हणायची, "मोठ्या माणसांचा." आमच्यात जाळतात, तरी पणजोबांच्या आठवणीचा असेल, असं आम्ही धरून चाललो.

2023 साली न्या. संदीप शिंदे समिती दाखल्यांसाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधू लागली आणि उदगीर-निलंग्याच्या सोयऱ्यांचे फोन सुरू झाले : माळ्यावरची ट्रंक उघडा. 1956 मध्ये जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबईकडे. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे. जहिराबाद, नारायणखेड आंध्राकडे. त्यामुळे एका खापरपणजोबासाठी तीन राज्यांच्या कचेऱ्या आणि उर्दू, मोडी, कन्नड अशा तीन लिप्या. वर साल फसली. इसवी सनासाठी त्यात 590 मिळवायचे, जानेवारी लागला असेल तर 591. हे ठाऊक नसलेल्या आमच्या एका पुतण्याने 1330 फसली वाचून आजोबांना बहमनी राज्याच्याही आधी जमीन घेऊन दिली!

आमच्या ट्रंकेतला कागद निवृत्त उर्दू मास्तरांनी वाचला. सर्व्हे नंबर आमचाच, नाव आमचं नव्हतं. 1357 फसलीपर्यंत जमीन गावातल्या एका मुसलमान घराची. त्यानंतर थेट माझ्या आजोबांचं नाव. मधे काय झालं ते कागद सांगत नाही.

मग मी बांधावर जाऊन दगड नीट पाहिला. शेजारचे लिंगायत माणूस बसवून पुरतात, त्यांचा ओटा चौकोनी असतो. इथला उंचवटा लांबट होता, मुसलमानी कबरीसारखा नेमका उत्तर-दक्षिण. दगड उत्तरेच्या टोकाला, म्हणजे उशाशी. आज्जी चाळीस वर्षं दुसऱ्याच कुणाच्या पूर्वजाला अंबील वाढत होती, आणि मला वाटतं, तिला ते ठाऊक होतं.

1357 फसली म्हणजे 1947-48. 1948 च्या मे महिन्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरट्यात माणसं कापली. त्यांचं स्मारक 2023 मध्ये उभं राहिलं. ते फार आधी व्हायला हवं होतं. सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावर पोलीस ॲक्शन झाली. तिच्यात आणि तिच्या मागोमाग मारल्या गेलेल्यांचा आकडा पंडित सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार धरला. सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा. तो अहवाल कित्येक दशकं कुलपात राहिला. त्या मेलेल्यांना दगड कुणी लावला? म्हातारी माणसं बुजवलेली विहीर लांबून दाखवतात आणि पावसापाण्याचं बोलू लागतात.

पूर्वी सीमाभागात हेळवी बैल घेऊन यायचा आणि ओट्यावर बसून सात पिढ्या म्हणून दाखवायचा. पण त्यालाही धान्य घालणाऱ्याच्याच पिढ्या पाठ. आता वंशावळ आपण स्वतः लिहितो, दाखल्यापुरती. हवं ते नाव सापडलं की कागद परत ट्रंकेत. गाव सोडून गेलेल्यांची नावं त्याच पानावर असतात. ती कुणी वाचतसुद्धा नाही. आम्हीही वाचली नसती, मास्तर मोठ्याने वाचत होते म्हणून कानावर पडली. ते घर पुढे कुठे गेलं, हे विचारत मी सध्या हैदराबादच्या वाऱ्या करतो आहे.

बाजूच्या खोलीत तेच मास्तर आणि एक मोडीवाचक संध्याकाळपर्यंत बसले आहेत. पिशवीत कागद आणले असतील तर दाखवून घ्या. लॅमिनेशन केलेले असले तरी चालतील. उरलेल्यांचं मात्र कृपा करून करू नका.