मेदशोषण : रूप आणि आरोग्य



त्वचेखालील चरबी नळीने शोषून घेण्याच्या शस्त्रक्रियेस ‘लायपोसक्शन’ म्हणतात. पोट, मांड्या यांना सुबक आकार यावा, हा तिचा मुख्य हेतू. १९२० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये दुजारिए या शस्त्रवैद्याने एका नर्तिकेच्या पायाची चरबी खरवडून काढली. रक्तवाहिनीस इजा होऊन तो पायच कापावा लागला. पुढे १९७७ साली तेथीलच डॉ. इलूझ यांनी बोथट टोकाची नळी योजिली. १९८७ साली अमेरिकेतील डॉ. क्लाइन यांनी बधिरतेचे औषध मिसळलेले खारे पाणी चरबीत भरण्याची रीत प्रसिद्ध केली. तिने रक्तस्राव पुष्कळ कमी झाला.

तथापि ही लठ्ठपणावरील चिकित्सा नव्हे. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटाची सुमारे १० किलो चरबी काढली होती. १० ते १२ आठवड्यांनी पाहता रक्तदाबात वा इन्शुलिनच्या कार्यात सुधारणा आढळली नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीपर्यंत ही नळी पोहोचतच नाही. शिवाय जंतुदोष, रक्ताची गुठळी आणि क्वचित मृत्यू, हे धोके आहेतच.

सज्ञान व्यक्तीने, सर्व समजून, तज्ज्ञाच्या सल्ल्याने निर्णय घेतल्यास आक्षेप नाही. परंतु विवाह जुळविताना मुलीच्या बांध्याकडे बोट दाखविणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे : आपल्या पसंतीसाठी कोणाच्याही लेकीला शस्त्राखाली लोटू नका.