हनुवटीवरचे तीन ठिपके
(मिशन रविवारच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृहाचा अहवाल ताईंनी आत्ताच वाचून दाखवला. मुले किती, धान्य किती आले, हे मी पुन्हा सांगत नाही. मला बोलायचे आहे ते गोंदणाबद्दल. ज्यांच्या अंगावर, दिसेल अशा जागी, गोंदलेले आहे अशा मुलामुलींना फौजेत घ्यावे की नाही? किनवट-माहूरच्या मुलांना पुस्तके लागतात, पांघरुणे लागतात, तिथे हा विषय कुठून आला, असे कोणी विचारील. तो माझ्या एका चुकीतून आला, म्हणून आधी ती चूक सांगतो.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी वसतिगृहातल्या मोठ्या मुलांना भरतीसाठी तयार करण्याचे काम मिशनने माझ्यावर सोपवले. पहाटे पळणे, बीम, संध्याकाळी थोडे गणित. पहिल्या तुकडीत कोलाम पोडावरचा एक मुलगा होता. सोळाशे मीटर असा पळायचा की मला माझे घड्याळच खोटे वाटायचे. त्याच्या दंडावर ठिपक्यांची एक ओळ गोंदलेली होती. लहानपणी सारखा आजारी पडायचा म्हणून आजीने ती गोंदवून घेतली होती. मी पडलो फौजी माणूस. सगळ्यांना रांगेत उभे केले आणि सांगितले, "अंगावर काही गोंदलेलं असेल तर काढून टाका, नाहीतर मेडिकलला बाद व्हाल." एवढे बोललो आणि विसरून गेलो.

तो मात्र विसरला नाही. लेझरने गोंदण काढायचे तर शहर गाठायला हवे, आणि पैसे कोण देणार? त्याने रानातून बिब्बे आणले आणि त्याचे तेल दंडाला लावले. बिब्बा उतला म्हणजे काय होते ते आपल्या मराठवाड्यात सांगायला नको. दंड सुजला, पू झाला, ताप भरला. भरतीच्या दिवशी तो वसतिगृहाच्या खाटेवर पडून होता. जखम भरली तेव्हा ठिपक्यांच्या जागी वेडावाकडा व्रण उरला. पुढची भरती येईपर्यंत त्याने 21 ओलांडले, आणि अग्निवीराची वयोमर्यादा तेव्हा 21 होती. निमलष्करी दलांसाठी त्याचे वय अजून आहे, पण तो आता नाव काढू देत नाही. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो. भेटला की आदराने नमस्कार करतो, आणि मला त्याच्या दंडाकडे बघवत नाही.

त्यानंतर मी नियम वाचला. खरे तर आधी वाचायला हवा होता.

भारतीय सेनेचा नियम असा आहे. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला गोंदलेले चालते. इतर कुठेही असेल तर उमेदवार बाद. पण त्याच नियमात पुढे आहे की अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला जमातीच्या रीतीप्रमाणे शरीरावर कुठेही गोंदलेले असेल तर ते मान्य. त्यासाठी जमातीच्या अध्यक्षाचे किंवा सचिवाचे पत्र आणि त्यावर महसूल अधिकाऱ्याची सही लागते. म्हणजे त्या मुलाला काहीच जाळायचे नव्हते. त्याला एक कागद हवा होता, आणि तो आणून देणे माझे काम होते.

फौजेच्या बाजूनेही बोलले पाहिजे, मी तिचे मीठ खाल्ले आहे. एकच सुई दहा जणांना लावली तर कावीळ ब किंवा एचआयव्ही पसरू शकतो, ही भीती खरी आहे. शिवाय हल्लीची पोरे मानेवर विंचू आणि छातीवर कवट्या काढून येतात. उद्या कोणी जातीचा द्वेष सांगणारे चिन्ह काढून आला तर त्याच्या शेजारी खंदकात कोण बसणार? बंधन हवेच. अमेरिकेच्या सेनेने 2022 मध्ये नियम सैल केले, हातावर आणि मानेच्या मागे लहान गोंदण चालते असे ठरवले, पण त्यांनीही मजकुरावरची बंदी उठवली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की हौसेने काढलेला विंचू आणि आजीने काढलेले ठिपके एका मापाने मोजू नका. सेनेने हा फरक केला आहे. अडचण पुढे आहे.

आपल्याकडची बरीच मुले सेनेपेक्षा केंद्रीय दलांकडे जातात: सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ. लातूर जिल्ह्यात चाकूरलाच बीएसएफचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि 2024 पासून या दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा मराठीतूनही देता येते. आपल्या मुलांसाठी ही मोठीच सोय झाली. पण या दलांच्या वैद्यकीय तपासणीचा गोंदणाविषयीचा नियम वेगळा आहे. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालेल. जागा म्हणजे हाताची आतली बाजू, तीही फक्त डाव्या हाताची, कारण उजवा हात सलामीचा. किंवा मग तळहाताची मागची बाजू. आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी. मजकूर, जागा, आकार या तीन कसोट्या झाल्या. जमातीची रीत ही चौथी कसोटी तिथे नाही. नियम करणाऱ्यांनी असे धरले आहे की आपल्या देशात परंपरेने गोंदतात ते हाताच्या आतल्या बाजूलाच.

हे वाचून मी हसलो. आपल्या आज्या आठवा. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपके, पायांवर, दंडावर. गोंडांच्या गुड्यावर तर बायांच्या पायांवर आणि पाठीवरही नक्षी असते. गोंदण मुळात बायांचे आहे, आणि हा नियम पुरुषाच्या हाताकडे बघून केलेला आहे. पूर्वी तेवढ्याने भागत होते, कारण मुली भरतीला जातच नव्हत्या. आता 2016 पासून सीआरपीएफ आणि सीआयएसएफमध्ये शिपायांच्या 33 टक्के जागा मुलींसाठी आहेत. सेनेच्या मिलिटरी पोलिसांत मुलींची पहिली तुकडी 2021 मध्ये बंगळुरूला शपथ घेऊन बाहेर पडली.

सोलापूरच्या एका तरुणाला सीआयएसएफच्या चालकपदासाठी हातावरच्या धार्मिक चिन्हावरून अपात्र ठरवले होते. त्याने ते काढून टाकण्याचा बराच प्रयत्नही केला होता. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. चांगलेच झाले. पण सोलापूरहून मुंबईच्या कोर्टात जाणे आणि गुड्यावरून जाणे यात फरक आहे.

आणखी एक गोष्ट. किनवटच्या तांड्यावरची बंजारा मुलगीही गोंदलेली असते. महाराष्ट्रात तिचा समाज विमुक्त जातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. म्हणून सेनेची सवलतही तिला लागू होत नाही. पलीकडे आदिलाबादला राहणाऱ्या तिच्या मावसबहिणीला मात्र होते, कारण तिकडे लंबाडा 1976 च्या कायद्याने अनुसूचित जमात झाले. बोली एक, गोंदण एक. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यात वकील आहेत, त्यांनी विचार करावा.

आता मंडळीकडे वळतो. मागे एका वडीलधाऱ्यांनी मला लेवीयाच्या 19 व्या अध्यायाची आठवण करून दिली, अंगावर गोंदवून घेऊ नये असे तिथे आहे म्हणून. आहे, नाकारत नाही. ते मृतांसाठी अंगावर जखमा करण्याच्या संदर्भात आहे. त्याच्या अगदी मागच्याच वचनात दाढीचे कोपरे कापू नयेत असेही आहे, आणि आज इथे बसलेले बहुतेक पुरुष गुळगुळीत दाढी करून आलेले आहेत. मिसर देशातले कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटावर क्रूस गोंदवतात. छळाच्या काळातही त्यांनी तो पुसला नाही. आपल्याच मंडळीतल्या दोन पोरांनीही उजव्या मनगटावर क्रूस गोंदवून घेतला आहे. त्यांना मी सांगितले, बाळांनो, सीआरपीएफचा फॉर्म भरण्याआधी मला भेटा.

नवे गोंदवून घ्या असे मी कोणाला सांगत नाही. पण वसतिगृहात आलेल्या मुलांना आपण त्यांच्या गोंदणाची लाज शिकवतो. "हे काय जंगली," असे आपल्यातलेच कोणीतरी बोलून जाते. मग ते मूल पूर्ण बाहीचा शर्ट घालते, आणि एक दिवस रानात बिब्बे शोधायला जाते.

या वर्षी तुकडीत एक गोंड मुलगी आहे. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत, न लपवता येणारे. एका सद्गृहस्थांनी प्रेमाने लेझरचा खर्च देऊ केला. मी तिला काही सांगितले नाही, फक्त विचारले. ती म्हणाली, "आजीला विचारते." आजी एसटीने वसतिगृहात आली. तिचे म्हणणे सरळ होते. सोने-चांदी मेल्यावर लेकरे काढून घेतात, सोबत जाते ते एवढेच. आणि मग मला विचारले, "सरकारला ठिपक्यांची का भीती?" मुलीने ठिपके ठेवायचे ठरवले आहे. ती सेनेचा अर्ज भरणार आहे आणि केंद्रीय दलांचाही. तिथे बाद केले तर लेखी कारण मागणार आहे.

जमातीच्या सचिवांचे पत्र झाले आहे. त्यावर सही व्हायची आहे. दोनदा जाऊन आलो, साहेब दौऱ्यावर होते. सोमवारी ती आणि मी पुन्हा किनवटला जात आहोत. कोणाची गाडी त्या बाजूला जाणार असेल तर सांगा, सकाळची एसटी पकडायची तर तिची शाळा बुडते.